निओम बांधून सौदी तेलातून सुटेल का? बिलं बनवणाऱ्या माणसाचं उत्तर

प्रश्न असा आहे की सौदी अरेबिया निओम हा वाळवंटातला नवाकोरा प्रदेश, त्यातलं द लाइन हे सरळ रेषेतलं शहर, रियाधजवळची किद्दिया ही करमणूक नगरी असले अवाढव्य प्रोजेक्ट बांधून तेलावरचं अवलंबून राहणं खरंच कमी करू शकेल का, आणि एवढा पैसा हाताशी असताना घोडं पेंड खातं कुठे.

आधीच सांगतो, मी इकॉनॉमिस्ट नाही. मी क्वांटिटी सर्व्हेयर, म्हणजे साइटवर किती काम झालं ते मोजायचं, त्याचं बिल बनवायचं आणि ते पास होईपर्यंत कन्सल्टंटच्या केबिनबाहेर बसायचं. मूळचा चिपळूणकडचा, २००३ ला पहिल्यांदा दम्मामला उतरलो, मधे चार वर्षं कतार सोडलं तर सगळी नोकरी सौदीत, जुबैल, रियाध आणि शेवटची अडीच वर्षं तबूककडे. त्यामुळे माझं उत्तर बिलाच्या बाजूने आहे. पेपरात लोक विचारतात हे बांधून होईल का, मला तो प्रश्नच दुय्यम वाटतो. पैसे असतील तर चंद्रावरही बांधता येतं. खरा प्रश्न हा की बांधून झाल्यावर त्याचं बिल कोण भरणार, आणि ते भरणारा माणूस सरकार सोडून दुसरा कुणी आहे का.

थोडी पार्श्वभूमी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. २०१४ च्या मध्यापर्यंत तेल १०० डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ ला ३० च्या खाली गेलं. २०१५ च्या बजेटमध्ये सौदीला ३६७ अब्ज रियालची तूट आली. रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ ला बांधलेला, त्यामुळे चलन सैल सोडून वेळ मारून नेता येत नाही, गंगाजळीच वापरावी लागते, आणि ती २०१४ मधल्या ७३० अब्ज डॉलरच्या वरून तीनेक वर्षांत ५०० अब्जांच्या आसपास आली. या धास्तीतून एप्रिल २०१६ ला व्हिजन २०३० आलं, म्हणजे तेलावरचं अवलंबून राहणं कमी करायची सरकारी योजना. ऑक्टोबर २०१७ ला निओमची घोषणा झाली, तबूक प्रांतात तांबड्या समुद्राला लागून २६,५०० चौरस किलोमीटर जागा आणि ५०० अब्ज डॉलरचा आकडा. मग २०२१ ला द लाइन, आणि जुलै २०२२ मध्ये तिचं डिझाइन, १७० किलोमीटर लांब, ५०० मीटर उंच, २०० मीटर रुंद, आत ९० लाख माणसं.

आता ती जुलै २०२२ ही तारीख लक्षात ठेवा. त्या वेळी युक्रेन युद्धामुळे तेल पुन्हा १०० च्या आसपास होतं आणि त्या वर्षी सौदीच्या बजेटमध्ये बऱ्याच वर्षांनी शिल्लक दिसली. म्हणजे तेलातून सुटायचा सगळ्यात मोठा प्लॅन कधी जाहीर झाला, तर तेल सगळ्यात महाग असताना. यात कुणी मुद्दाम काही केलं असं म्हणत नाही, पण हे असंच होतं नेहमी. तेल चढलं की प्रोजेक्ट सुचतात, उतरलं की बिलं अडकतात.

एक घनमीटर काँक्रीटचं उदाहरण देतो, कारण मला तेच जवळून माहिती आहे. तबूककडच्या आमच्या साइटवर उन्हाळ्यात सिमेंट कालवायचं म्हणजे रात्रीच, दिवसा ४५ डिग्रीच्या पुढे आणि स्पेसिफिकेशन असं की ओतताना काँक्रीट ३२ च्या आत हवं. म्हणून बॅचिंग प्लांटच्या, म्हणजे काँक्रीट बनवायच्या कारखान्याच्या, शेजारी बर्फाचा प्लांट, पाण्याऐवजी बर्फाचा चुरा मिक्सरमध्ये जातो. समोर समुद्र, पण ते पाणी चालत नाही, मीठ काढलेलं पाणी टँकरने आणायचं. वाळवंटात बसून वाळू विकत घ्यायची हेही ऐकून लोक हसतात, पण ढिगाऱ्याची वाऱ्याने घासलेली वाळू एकदम बारीक आणि गोल, काँक्रीटला लागते ती दगड फोडून केलेली. आता हिशेब करा. सिमेंट सौदी, खडी सौदी, हे देशातच राहिलं. काँक्रीट पंप जर्मन, फॉर्मवर्क म्हणजे ओतायचे साचे युरोपातले, स्टील कधी इथलं कधी बाहेरचं. ट्रक चालवणारा पेशावरचा पठाण, फोरमन इजिप्शियन, सर्व्हेयर फिलिपिनो, सळई बांधणारे बिहार, नेपाळ आणि बांगलादेशचे, मोजून बिल बनवणारा चिपळूणचा, आणि वरच्या केबिनमध्ये ब्रिटिश प्रोजेक्ट डायरेक्टर ज्याचा पगार आमच्या अख्ख्या टेबलापेक्षा जास्त. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही सगळे रेमिटन्सच्या लाइनीत. म्हणजे तेल विकून आलेला रियाल काँक्रीटमध्ये शिरला आणि त्यातला मोठा हिस्सा त्याच महिन्यात मनिला, पाटणा, लंडनला निघून गेला. आमच्याकडे चिपळूणला दोन मजली घर झालं त्यातून, माझी काही तक्रार नाही. पण देशाची अर्थव्यवस्था बदलायची म्हणून जो पैसा ओतला तो ज्या माणसांच्या हातात रुजायला हवा होता ती माणसं त्या साइटवर होती किती? आमच्या बाराशेच्या कॅम्पात सौदी होते चाळीसेक, त्यातले निम्मे गव्हर्नमेंट रिलेशन्स आणि सिक्युरिटीला.

आणि गंमत अशी की हे सगळं बांधकाम आकडेवारीत 'बिगर तेल जीडीपी' म्हणून मोजलं जातं. म्हणजे तेलाच्या पैशाने काँक्रीट ओतलं की बिगर तेल अर्थव्यवस्था वाढली! जीडीपीत बिगर तेलाचा वाटा निम्म्याच्या वर गेला हे खरंच आहे, खोटं नाही, पण सरकारी बजेट उघडलं तर २०२४ च्या १,२५९ अब्ज रियाल उत्पन्नातले साधारण ६० टक्के तेलाचेच. २०१५ ला हा वाटा ७३ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे सुधारणा आहे, पण ती कुठून आली ते पुढे सांगतो, निओममधून नाही आली.

मेगाप्रोजेक्ट म्हणजे वाईटच असं मात्र मला अजिबात म्हणायचं नाही, कारण मी जुबैलला सहा वर्षं काढलीत. सत्तरच्या दशकात तिथे मच्छीमारांचं गाव होतं. १९७५ ला जुबैल आणि यनबूसाठी रॉयल कमिशन काढलं, पुढच्या वर्षी साबिक ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी काढली. तोपर्यंत तेलाबरोबर वर येणारा गॅस नुसता जाळून टाकत होते. तो पकडायचा, पाइपने जुबैलला आणायचा, त्याचं मिथेनॉल, युरिया, प्लास्टिकचा कच्चा माल करायचा आणि जहाजात भरायचा, एवढी सरळ कल्पना. तेव्हा पण लोक हसले होते म्हणे, पण ते चाललं. का चाललं? कच्चा माल दारात फुकटासारखा, बाहेर गिऱ्हाईक आधीच होतं, आणि बहुतेक कारखान्यांत परदेशी पार्टनर स्वतःचे पैसे घालून बसला होता. पार्टनरचे पैसे अडकलेले असले की फीजिबिलिटी रिपोर्ट जरा वेगळा निघतो, हे मी छातीठोकपणे सांगतो. जुबैलला सौदी इंजिनिअर शिफ्ट ड्युटी करताना बघितलेत मी, रात्री तीनला हेल्मेट घालून. अर्थात हेही शेवटी तेल-गॅसचंच भावंड, चीनने क्षमता वाढवली की प्लास्टिकचे भाव पडतात आणि साबिकसुद्धा २०२३ ला तोट्यात गेली. पण निदान तिथे धंदा आहे.

आता उलट उदाहरण. २००५ ला जेद्दाच्या उत्तरेला किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी जाहीर केली, २० लाख वस्तीचं लक्ष्य. रस्ते झाले, व्हिला झाले, दिवे लागले. माणसं आली काही हजार. मी तिथे २०१३ ला एका टेंडरच्या साइट व्हिजिटला गेलो होतो, सहा लेनचा रस्ता आणि त्यावर आमची एकटी गाडी, सिग्नलला आम्ही इमानदारीत थांबलो होतो, समोरून कोणीच येत नव्हतं. पण त्याच शहराला लागून जे बंदर काढलं ते मात्र चाललं, २०२१ च्या वर्ल्ड बँकेच्या बंदरांच्या कार्यक्षमतेच्या यादीत ते जगात पहिलं होतं. फरक काय? बंदराला शिपिंग लाइन पैसे देते. शहराला कोण देणार? शहर बांधून माणसं येत नाहीत, काम असेल तर येतात आणि मग शहर आपोआप होतं, कितीही बेढब का होईना. आपली पिंपरी-चिंचवड बघा, कुणी रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवरचं चकचकीत चित्र, बनवलं होतं?

गव्हाची गोष्ट तर याहून जुनी. रियाधहून तबूकला विमानाने जाताना खिडकीतून खाली गोल गोल हिरवे आणि करडे ठिपके दिसतात, ती शेतं, मध्यभागी बोअर आणि त्याच्याभोवती फिरणारा पाण्याचा लांब हात. ऐंशीच्या दशकात सरकारने जागतिक भावाच्या कितीतरी पट दर देऊन गहू पिकवला, नव्वदच्या सुरुवातीला सौदी चक्क गव्हाचा मोठा निर्यातदार होता. वाळवंटातला देश! पाणी होतं जमिनीखालचं, हजारो वर्षांपूर्वी साठलेलं, परत न भरणारं. २००८ ला ठरलं की हे बंद करायचं, २०१६ पर्यंत सरकारी खरेदी थांबवली. आता विमानातून करडे ठिपके जास्त दिसतात. तेलावरून दुसरीकडे जायचं म्हणून तेलाच्या पैशाने पाणी संपवलं, हे मेगाप्रोजेक्टचं मला सगळ्यात स्वच्छ उदाहरण वाटतं, कारण त्या काळात आकड्यांमध्ये तो यशस्वी होता.

बरं, पैसा येतो कुठून ते बघू, कारण खरी अडचण तिथे आहे. हे प्रोजेक्ट सरकारी बजेटमधून कमी आणि पीआयएफ म्हणजे त्यांच्या सरकारी गुंतवणूक फंडातून जास्त चालतात. पीआयएफकडे पैसा येतो तो मुख्यतः सरकारने दिलेला, अरामको या सरकारी तेल कंपनीच्या शेअर्सचा लाभांश, आणि कर्ज. २०१९ ला अरामकोचा आयपीओ आला त्यात दीड टक्का शेअर विकून २५.६ अब्ज डॉलर उभे केले. २०२० ला पीआयएफने साबिकमधला आपला ७० टक्के हिस्सा अरामकोला ६९.१ अब्ज डॉलरला विकला. म्हणजे या खिशातून त्या खिशात, फक्त मधे तेल कंपनीच्या डोक्यावर बोजा. अरामकोने २०२४ ला १२४ अब्ज डॉलरचा लाभांश दिला, २०२५ साठी तो ८५ अब्जांच्या आसपास आणला. झालं, तिथे कात्री लागली की चार महिन्यांत तबूकच्या साइटवर मीटिंगमध्ये 'रीप्रायोरिटायझेशन', म्हणजे कुठलं काम आधी कुठलं मागे, हा शब्द ऐकू येतो. आयएमएफच्या २०२५ च्या अंदाजानुसार सौदीचं बजेट जुळायला तेल ९० डॉलरच्या वर लागतं, आणि त्यात पीआयएफचा देशातला खर्च धरला तर त्याहून बरंच वर. आता विचार करा, तेलावरून सुटायचा कार्यक्रम चालवायलाच तेल ९० च्या वर हवं. त्यातून भाव टिकवायला सौदीने ओपेक प्लस या तेल उत्पादक देशांच्या गटात स्वतःचं उत्पादन कापलं, २०२३ च्या जुलैपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत रोजचे साधारण ९० लाख बॅरल, क्षमता १२० लाखांची असताना. म्हणजे माल कमी विकायचा आणि भावही हवा तेवढा नाही.

डिसेंबर २०२३ ला त्यांचे अर्थमंत्री जदान यांनीच सांगितलं की काही प्रोजेक्ट २०३० च्या पुढे जातील. एप्रिल २०२४ ला बातम्या आल्या की द लाइनमध्ये २०३० पर्यंत १५ लाख माणसं राहतील म्हणत होते तिथे तीन लाखांपेक्षाही कमी, आणि १७० पैकी २.४ किलोमीटर. नोव्हेंबर २०२४ ला निओमचे सीईओ नझमी अल-नस्र पायउतार झाले. पीआयएफच्या स्वतःच्या अहवालात २०२४ अखेर निओम, किद्दियासारख्या गिगाप्रोजेक्टची किंमत १२ टक्क्यांहून जास्त घटवून २११ अब्ज रियाल दाखवली, म्हणजे ८ अब्ज डॉलर कागदावरून गेले. आमच्या भाषेत राइट डाउन. साइटवरच्या लोकांना याचं आश्चर्य वाटलं नाही, आम्ही व्हेरिएशनच्या, म्हणजे काम मधेच बदलल्याच्या, फायली बघत होतो.

कारण खर्चाचा अंदाज का फुटतो तेही सांगतो, हे बाहेर फार कमी लिहिलं जातं. रियाधमध्ये दिरिया, किद्दिया, नवीन विमानतळ, एक्स्पो २०३०, आणि आता फुटबॉलचा २०३४ चा वर्ल्ड कप, पश्चिमेला निओम आणि रेड सी हा पर्यटनाचा प्रोजेक्ट, सगळे एकाच वेळी एकाच बाजारातून क्रेन, सळई, टनेलिंगवाले आणि प्लॅनर उचलतात. मोठ्या क्रेनचं भाडं वर्षभरात कुठल्या कुठे जातं. कॉन्ट्रॅक्टरला माहीत असतं की डिझाइन तीन वेळा बदलणार आणि बिल उशिरा मिळणार, तो ते दोन्ही आधीच रेटमध्ये घालतो. मग क्लायंटला रेट जास्त वाटतो म्हणून री-टेंडर, त्यात आठ महिने जातात, तोवर रेट अजून वर. आणि सरकारच सरकारशी स्पर्धा करतं, पीआयएफची एक कंपनी दुसरीचा माणूस दुप्पट पगाराने नेते. आमच्याकडे एक सौदी पोरगा होता, धहरानच्या विद्यापीठातला सिव्हिल इंजिनिअर, प्लॅनिंगमध्ये खरंच हुशार, मी दोन वर्षं त्याला क्लेम, म्हणजे जादा पैशाचा दावा, कसा लिहायचा ते शिकवत होतो. एका गिगाप्रोजेक्टच्या ऑफिसने त्याला उचललं, तिथे तो पॉवरपॉइंट बनवतो. त्याला दोष कसा देणार, मी पण गेलो असतो. पण खाजगी कंपन्यांत सौदी माणूस तयार व्हायचा तो असा निघून जातो, आणि मागे निताकतचा, म्हणजे सौदी माणसं ठेवायच्या सरकारी सक्तीचा, कोटा भरायला कागदोपत्री दोन सौदी ठेवायचे जे ऑफिसला येतही नाहीत, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे.

बिल अडकतं म्हणजे काय होतं तेही एकदा सांगून टाकतो. साखळी अशी, क्लायंट, त्याचा कन्सल्टंट, मेन कॉन्ट्रॅक्टर, सब, सबचा सब, आणि त्याच्या खाली लेबर सप्लाय. वरच्याने नव्वद दिवस लावले की खाली सहा महिने होतात. २०१६ ला तेल पडलं तेव्हा मी रियाधला एका कंपनीत होतो, नाव कशाला घेऊ, पाच महिने पगार नाही. माझं भागलं, थोडी शिल्लक होती. कॅम्पात मेसवाल्याने आधी चिकन बंद केलं, मग अंडी, मग नुसती डाळ आणि खुबूस, म्हणजे अरबी रोटी. इक्कामा म्हणजे राहण्याचा परवाना, तो रिन्यू नाही म्हणून बाहेर पडता येत नाही, आणि कंपनीच्या सहीशिवाय घरी जायचं एक्झिटही मिळत नाही. त्याच वर्षी जेद्दाकडे हजारो भारतीय कामगार असेच अडकले होते, सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री होत्या, त्यांनी व्ही. के. सिंगांना तिकडे पाठवलं, वकिलातीने जेवण पोचवलं. अर्थव्यवस्थेला धक्का बसतो असं जे वाचतो ना, तो आधी मेसच्या डाळीत बसतो. २०२१ नंतर कायद्यात सुधारणा झाल्या, नोकरी बदलणं, एक्झिट घेणं बरंच सोपं झालं, हे मान्य करायला हवं.

मग सुधारणा आली कुठून? कंटाळवाण्या गोष्टींतून. जानेवारी २०१८ ला पाच टक्के व्हॅट लावला, जुलै २०२० ला थेट पंधरा केला. आमच्या बायकापोरांवर माणशी महिना शंभर रियालपासून सुरू करून चारशेपर्यंत फी नेली, माझं कुटुंब त्यातच २०१९ ला परत आलं, राग आला होता पण त्यांच्या तिजोरीत तेलाशिवाय पैसा असाच येतो. जून २०१८ ला बायकांना गाडी चालवायला मिळाली, आणि नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या सौदी बायकांचं प्रमाण काही वर्षांत जवळपास दुप्पट होऊन तिसऱ्या हिश्शाच्या वर गेलं. २००३ ला मी गेलो तेव्हा सुपरमार्केटच्या काउंटरवर बाई दिसणं शक्यच नव्हतं, आता बँकेत, विमानतळावर, साइटवर सेफ्टी ऑफिसर म्हणून दिसतात. २०१९ ला टुरिस्ट व्हिसा सुरू झाला. यातल्या कशाचंच रेंडर बनत नाही, ड्रोन शो होत नाही, पण माझ्या मते निओमच्या दहा पट बदल यातून झाला. रियाध मेट्रोसुद्धा याच खात्यात धरतो मी, २०१३ ला कॉन्ट्रॅक्ट दिली, डिसेंबर २०२४ ला सुरू झाली, उशीर झाला खरा पण १७६ किलोमीटर, आणि आधीच राहत असलेल्या लाखो लोकांसाठी. त्यातल्या एका कन्सोर्शियममध्ये, म्हणजे कंपन्यांच्या गटात, आपली एल अँड टी होती.

निओममध्येही एक गोष्ट मला वेगळी वाटते, ग्रीन हायड्रोजनचा प्लांट, म्हणजे ऊन-वाऱ्याच्या विजेने हायड्रोजन काढायचा. ८.४ अब्ज डॉलरचा, अमेरिकेची एअर प्रॉडक्ट्स, सौदी वीज कंपनी अकवा पॉवर आणि निओम तिघांचे पैसे, बँकांचं कर्ज, आणि सगळा माल तीस वर्षं एअर प्रॉडक्ट्स उचलणार असा करार आधीच. त्याच्या सोलर, विंड आणि ग्रिडचं काम एल अँड टीकडे, तिथे पुण्या-मुंबईची पोरं बरीच आहेत. एअर प्रॉडक्ट्सला पुढे युरोपात गिऱ्हाईक त्या भावाला मिळतं का यावर सगळं आहे, तो धोका आहेच. पण निदान धोका कुणाचा ते कागदावर लिहिलेलं आहे. द लाइनच्या फाइलमध्ये ते पान मी कधी बघितलं नाही.

अजून एक, जे आकड्यात येत नाही. निओमची जमीन रिकामी नव्हती. हुवैतात जमातीची गावं उठवली, एप्रिल २०२० ला विरोध करणारा अब्दुल रहीम अल-हुवैती सुरक्षा दलाच्या गोळीने मेला. आमच्या कोकणात नाणारला अरामको आणि अबू धाबीच्या अ‍ॅडनॉक या तेल कंपनीच्या भागीदारीत ६ कोटी टनांची रिफायनरी येणार होती, लोकांनी विरोध केला, २०१९ ला तिथलं भूसंपादन रद्द झालं. मी स्वतः रिफायनरीच्या बाजूचा होतो, घरात भांडणं झालीत यावरून, पण लोक नाही म्हणाले आणि सरकारला थांबावं लागलं, आणि मग कंपनीलाही परत हिशेब करावा लागला. नाही म्हणणारं कुणी नसलं की चुकीचा हिशेब फार लांबपर्यंत जातो, १७० किलोमीटरपर्यंत.

परवा गुहागरकडच्या एका पोराने ऑफर लेटर पाठवलं, काका बघता का म्हणून. पगार चांगला, प्रोजेक्टचं नाव चकचकीत, राहणं खाणं कंपनीचं. मी विचारलं क्लायंट कोण आहे, तुझी कंपनी मेन कॉन्ट्रॅक्टर की सबची सब, आणि मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स, म्हणजे काम सुरू करायची आगाऊ रक्कम, मिळालीय का त्यांना. म्हणाला लेटरमध्ये यातलं काहीच नाही. मग म्हटलं आधी ते विचारून घे, आणि तोवर लोट्याच्या एमआयडीसीतली नोकरी सोडू नकोस.